इलिनॉयची रिकामी जागा : 'तात्पुरता' या शब्दाचं प्रकरण

२ नोव्हेंबर २०१० ला अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या मतदारांसमोर जी मतपत्रिका आली, तिच्यावर सिनेटरपदाची निवडणूक दोनदा छापलेली होती. जागा एकच आणि उमेदवारही तेच. एक मत जानेवारी २०११ पासूनच्या सहा वर्षांसाठी द्यायचं होतं, दुसरं त्याआधी उरलेल्या जेमतेम पाच-सहा आठवड्यांसाठी. हे दुसरं मत मतपत्रिकेवर आलं, कारण दोन मतदार गव्हर्नरविरुद्ध न्यायालयात गेले होते.

इलिनॉयचं हे प्रकरण जगाला आठवतं ते टॅप केलेल्या फोनमुळे आणि भल्या पहाटे अटक झालेल्या गव्हर्नरमुळे. बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांची सिनेटची जागा रिकामी झाली आणि ती भरायचा अधिकार ज्याच्याकडे होता त्यानं तिचा बाजार मांडला, अशी ही गोष्ट सांगितली जाते. ती खरीच आहे. पण मला या प्रकरणाचं मर्म त्या चिमुकल्या दुसऱ्या मतात दिसतं. तिथपर्यंत पोचायला सुरुवातीपासून यावं लागेल.

मराठीत गव्हर्नर म्हटलं की राज्यपाल डोळ्यांपुढे येतात, म्हणून आधी एक खुलासा. अमेरिकेतला गव्हर्नर लोकांनी थेट निवडलेला असतो आणि राज्याचा कारभार तोच चालवतो. कामाच्या दृष्टीनं तो आपल्या मुख्यमंत्र्यांच्या जवळचा, म्हणून इथे त्याला गव्हर्नरच म्हटलं आहे. सिनेट हे तिथल्या संसदेचं वरचं सभागृह. दर राज्याचे दोन, एकूण शंभर सदस्य, मुदत सहा वर्षं. आपल्याकडे राज्यसभेची निवडून दिलेली जागा मध्येच रिकामी झाली तर आमदार पोटनिवडणुकीत मतदान करतात, राज्यपालांचा त्यात हात नसतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांमध्ये गव्हर्नर एकट्याच्या सहीनं सिनेटर नेमू शकतो.

हा अधिकार कुठून आला? १९१३ च्या आधी अमेरिकेतले सिनेटर लोक निवडतच नसत, राज्यांची विधिमंडळं निवडत. त्या पद्धतीत पैसा किती चालतो याचा सगळ्यात गाजलेला दाखला इलिनॉयचाच आहे. १९०९ मध्ये तिथल्या विधिमंडळानं विल्यम लॉरिमर यांना सिनेटवर पाठवलं. पुढच्या वर्षी एका आमदारानं 'शिकागो ट्रिब्यून'मध्ये कबुली दिली की लॉरिमरना मत देण्यासाठी आपल्याला १,००० डॉलर मिळाले. चौकशा झाल्या, आणि जुलै १९१२ मध्ये सिनेटनं लॉरिमर यांची निवड अवैध ठरवली. त्याच सुमारास संसदेनं सतरावी घटनादुरुस्ती राज्यांकडे मंजुरीला पाठवली होती. ८ एप्रिल १९१३ ला ती पक्की झाली आणि सिनेटर थेट लोकांच्या मतांवर निवडून येऊ लागले.

या दुरुस्तीत रिकाम्या जागेबद्दल एक परिच्छेद आहे आणि तो नीट वाचला पाहिजे. जागा रिकामी झाली की राज्याच्या प्रमुखानं निवडणुकीचा आदेश काढायचा, हे पहिलं वाक्य. त्यानंतर 'परंतु' येतो: लोक निवडणुकीनं जागा भरेपर्यंत तात्पुरती नेमणूक करण्याचा अधिकार राज्याचं विधिमंडळ गव्हर्नरला देऊ शकतं. म्हणजे निवडणूक हा नियम आणि नेमणूक ही सवलत, तीही विधिमंडळानं दिली तरच. प्रत्यक्षात शंभर वर्षांत हा क्रम लोकांच्या डोक्यात उलटा झाला. नेमणूक हीच खरी गोष्ट आणि निवडणूक पुढे केव्हातरी, असं सगळे धरून चालू लागले. इलिनॉयच्या विधिमंडळानं कायदा करून ही सवलत गव्हर्नरला दिलेली होती: संसदेच्या खालच्या सभागृहाची पुढची निवडणूक होईपर्यंत त्यानं तात्पुरता सिनेटर नेमावा, आणि त्या निवडणुकीत लोकांनी जागा भरावी. पक्ष कोणता, किती दिवसांत, कोणाला विचारून, यातलं एकही बंधन त्यावर नव्हतं.

ओबामा ४ नोव्हेंबर २००८ ला निवडून आले आणि १६ नोव्हेंबरला त्यांनी सिनेट सोडली. त्यांच्या मुदतीची दोन वर्षांहून थोडी जास्त शिल्लक होती. गव्हर्नर होते रॉड ब्लागोयेविच, ओबामांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे, २००२ आणि २००६ असे दोनदा निवडून आलेले. त्यांच्या आधीचे गव्हर्नर जॉर्ज रायन त्या वेळी भ्रष्टाचाराच्या शिक्षेपोटी तुरुंगात होते. ब्लागोयेविच यांच्यावरही केंद्रीय तपास यंत्रणेची नजर होती. ऑक्टोबरच्या अखेरीपासून त्यांच्या घरचा फोन आणि प्रचार कार्यालयातलं बोलणं न्यायालयाच्या परवानगीनं ध्वनिमुद्रित होत होतं. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, ५ नोव्हेंबरला, ते फोनवर बोलले की माझ्या हातात ही जी गोष्ट आहे ती सोनं आहे, आणि ती मी फुकट सोडणार नाही. मूळ वाक्यात शिव्या आहेत, त्या इथे देत नाही. सोन्याच्या बदल्यात त्यांच्या मनात बरंच काही होतं: केंद्रात मंत्रिपद, कुठे राजदूतपद, एखाद्या कामगार संघटनेच्या संस्थेत भरपूर पगाराची नोकरी, निवडणूक निधीत पैसा. ओबामांच्या मर्जीतल्या व्यक्तीला नेमलं तर समोरून कृतज्ञतेपलीकडे काही मिळणार नाही, ही तक्रारही त्या ध्वनिफितीत आहे.

९ डिसेंबरच्या पहाटे त्यांना शिकागोतल्या घरातून अटक झाली. सरकारी वकील पॅट्रिक फिट्झगेराल्ड यांनी पत्रकारांना सांगितलं की हे ऐकून लिंकन थडग्यात कूस बदलतील. इलिनॉय ही लिंकनची भूमी, तेव्हा हे वाक्य तिथे झोंबलं.

पण अटक झाली म्हणून अधिकार गेला नाही. दुपारपर्यंत ब्लागोयेविच जामिनावर बाहेर आले आणि दुसऱ्या दिवशी गव्हर्नर म्हणून कामाला लागले. आरोप म्हणजे शिक्षा नव्हे, हे तत्त्व आपण सगळे मानतो. ते मानायचं तर मधल्या काळात अधिकार त्याच हातात राहणार, हेही मानावं लागतं. सिनेटमधल्या पन्नास डेमोक्रॅटिक सदस्यांनी त्यांना पत्र लिहिलं: राजीनामा द्या, आणि काही झालं तरी ही जागा भरू नका. राज्याच्या ॲटर्नी जनरल लिसा मॅडिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि गव्हर्नर पद सांभाळायला अक्षम असल्याचं जाहीर करावं, अशी मागणी केली. आजारपणासारख्या अवस्थेसाठी असलेली तरतूद त्यांनी इथे ताणली होती. न्यायालयानं १७ डिसेंबरला कारण न देता नकार दिला. मला तो नकार योग्य वाटतो. लोकांनी निवडलेला माणूस न्यायाधीश असा बाजूला सारू लागले, तर पुढच्या वेळी हा उपाय कोणाविरुद्ध वापरला जाईल हे सांगता येत नाही.

खरा उपाय विधिमंडळाच्या हातात होता, आणि माझा या प्रकरणातला सगळ्यात मोठा राग तिथेच आहे. ज्या विधिमंडळानं कायद्यानं अधिकार दिला त्याला तो कायद्यानं काढून घेता आला असता. नेमणुकीचं कलम रद्द करायचं आणि थेट पोटनिवडणूक लावायची. अटकेनंतर पहिले काही दिवस दोन्ही पक्षांचे नेते तेच बोलत होते. डिसेंबरच्या मध्यावर खास अधिवेशनही भरलं. मग डेमोक्रॅटिक नेत्यांची भाषा बदलली. पोटनिवडणुकीला खर्च फार येतो, वेळ फार लागतो, आधी महाभियोग, मग बघू. रिपब्लिकन म्हणाले की जागा हातची जाईल ही भीती आहे. राज्यात आणि विधिमंडळात डेमोक्रॅटिक पक्षाचं राज्य असूनही त्या वातावरणात लोकांसमोर जायची त्यांना धास्ती वाटली असेल, तर ते समजू शकतं. माफ करता येत नाही. सवलत देणाऱ्यानं ती काढून घ्यायची वेळ आली तेव्हा पक्षाचा हिशेब मांडला, आणि अधिकार जिथे होता तिथेच राहिला.

३० डिसेंबरला ब्लागोयेविच यांनी तो वापरला. नाव जाहीर केलं रोलंड बरिस यांचं. हा माणूस त्या राज्यात तीस वर्षं लोकांसमोर होता: १९७८ मध्ये राज्याचे हिशेब नियंत्रक म्हणून निवडून आले, इलिनॉयमध्ये राज्यभरातून निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय, पुढे ॲटर्नी जनरल. त्या फोनवरच्या सौद्यांत त्यांच्याविरुद्ध काही आलेलं नव्हतं. ओबामा गेल्यावर सिनेटमध्ये एकही कृष्णवर्णीय सदस्य उरला नव्हता. पत्रकार परिषदेत खासदार बॉबी रश उभे राहिले आणि नेमणाऱ्यावरचा राग नेमलेल्यावर काढू नका, असं सांगताना त्यांनी झुंडबळीचा शब्द वापरला. दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्यांच्या झुंडींनी कृष्णवर्णीयांचे बळी घेतल्याचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना त्या शब्दाचं वजन कळतं. ही निवड धूर्त होती यात शंका नाही, पण बरिस यांची पात्रता खोटी नव्हती. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, म्हणूनच पुढचा पेच इतका अवघड झाला.

पेच आला एका सहीवर. सिनेटच्या नियमांत नेमणुकीच्या प्रमाणपत्राचा एक नमुना दिलेला आहे; त्यावर गव्हर्नरची सही, राज्याचे सचिव म्हणजे सेक्रेटरी ऑफ स्टेट यांची सही आणि राज्याची मोहोर असते. इलिनॉयचे सचिव जेसी व्हाइट यांनी सही करायला नकार दिला. तेही डेमोक्रॅट, तेही कृष्णवर्णीय, आणि या गव्हर्नरच्या कागदावर माझी सही नको, इतकीच त्यांची भूमिका. सिनेटच्या सचिव कार्यालयानं ५ जानेवारी २००९ ला प्रमाणपत्र अपूर्ण म्हणून परत केलं. ६ जानेवारीला, नव्या सदस्यांच्या शपथविधीच्या दिवशी, बरिस कॅपिटलमध्ये, म्हणजे संसदेच्या इमारतीत, गेले. त्यांना आत घेतलं नाही. बाहेर पावसात छत्र्यांच्या गर्दीत उभं राहून त्यांनी पत्रकारांना तेवढंच सांगितलं.

इथे घटनेचे दोन धागे एकमेकांत अडकतात. प्रत्येक सभागृह आपल्या सदस्यांच्या निवडणुकीचा, निकालाचा आणि पात्रतेचा न्याय स्वतः करील, असं अमेरिकी घटना म्हणते. सिनेटचे नेते हॅरी रीड त्याच्यावर विसंबून होते. पण १९६९ मध्ये खासदार ॲडम क्लेटन पॉवेल यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं होतं की वय, नागरिकत्व आणि त्या राज्यातला रहिवास या घटनेतल्या अटी पुऱ्या करणाऱ्या निवडून आलेल्या सदस्याला सभागृह दाराबाहेर ठेवू शकत नाही. नेमणुकीला हा निकाल लागू होतो का, यावर त्या आठवड्यात कायद्याचे प्राध्यापक हिरिरीनं भांडले. नेमणूक करताना लाच घेतली गेली असती तर ती 'निवड'च दूषित म्हणून नाकारता आली असती, हा मुद्दा मला पटतो. पण बरिस यांच्या बाबतीत तसा पुरावाच नव्हता. उरली ती सही.

९ जानेवारीला इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं त्या सहीचा निकाल लावला. गव्हर्नरनं नेमणूक केली त्या क्षणी ती पूर्ण झाली. राज्याच्या कायद्यानुसार सचिवाची सही तिच्या वैधतेसाठी लागत नाही. सचिवाचं काम नोंद ठेवणं, आणि नोंद तर व्हाइट यांनी आधीच केलेली होती. सिनेटचा नमुना हा शिफारस केलेला नमुना आहे. सिनेटला राज्याचा कायदा बदलता येत नाही. शिवाय कार्यालयातल्या नोंदीची मोहोर असलेली प्रमाणित प्रत कोणालाही मिळू शकते, मग बरिस यांनी ती घ्यावी. त्यांनी ती घेतली. १५ जानेवारीला उपाध्यक्ष डिक चेनी यांनी त्यांना शपथ दिली.

त्याच ९ जानेवारीला, त्याच राज्यात, विधिमंडळाच्या खालच्या सभागृहानं ब्लागोयेविच यांच्यावर ११४ विरुद्ध १ मतांनी महाभियोग लावला. सकाळी एका इमारतीत गव्हर्नर पदाला नालायक ठरतो आणि त्याच दिवशी दुसरीकडे त्याची नेमणूक वैध ठरते. वर्तमानपत्रांनी याला विसंगती म्हटलं. मला यात विसंगती दिसत नाही. गव्हर्नर वाईट निघाला म्हणून त्यानं सही केलेला प्रत्येक कायदा, प्रत्येक नेमणूक रद्द होऊ लागली तर राज्य चालणार नाही. पद आणि माणूस वेगळे धरूनच कायदा उभा राहतो, आणि माणसाला पदावरून काढायची वाट वेगळी असते. २९ जानेवारीला राज्याच्या सिनेटनं, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहानं, ५९ विरुद्ध ० मतांनी ती वाट पुरी केली. उपगव्हर्नर पॅट क्विन गव्हर्नर झाले.

बरिस यांच्या वाट्याला सुख आलं नाही. महाभियोगाच्या चौकशीत त्यांनी शपथेवर जे सांगितलं ते अपुरं होतं, हे त्यांच्याच पुढच्या प्रतिज्ञापत्रातून फेब्रुवारीत समोर आलं; गव्हर्नरच्या भावाशी निधीबद्दल त्यांचं बोलणं झालेलं होतं. खोट्या साक्षीचा गुन्हा दाखल झाला नाही, पण नोव्हेंबर २००९ मध्ये सिनेटच्या नीती समितीनं त्यांना जाहीर समज दिली. २०१० ची निवडणूक त्यांनी लढवली नाही.

ब्लागोयेविच यांचा फौजदारी खटला लांबला. पहिल्या सुनावणीत, ऑगस्ट २०१० मध्ये, ज्युरीचं २४ पैकी एकाच आरोपावर एकमत झालं, तपासयंत्रणेशी खोटं बोलल्याच्या. जून २०११ मध्ये दुसऱ्या ज्युरीनं २० पैकी १७ आरोपांवर दोषी धरलं, आणि शिक्षा झाली १४ वर्षांची. त्यातला एक धागा या विषयासाठी फार मोलाचा आहे. २०१५ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाच्या वतीनं न्यायाधीश फ्रँक ईस्टरब्रुक यांनी पाच आरोप रद्द केले. त्यांचा तर्क असा: जागेच्या बदल्यात मंत्रिपद मागणं ही एका सरकारी कृतीच्या बदल्यात दुसरी सरकारी कृती, राजकारणात रोज होणारी देवाणघेवाण, जागेच्या बदल्यात निधी किंवा खासगी नोकरी मागणं हा गुन्हा. बाकीचे आरोप तसेच राहिले आणि शिक्षाही १४ वर्षांचीच राहिली. डोनाल्ड ट्रम्प यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये ती कमी करून त्यांना सोडलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पूर्ण माफी दिली. ईस्टरब्रुक यांनी आखलेली ती रेषा मात्र उरली, आणि तिच्याकडे पाहिलं की कळतं, बंधन नसलेल्या नेमणुकीत गुन्हा न करताही केवढा व्यवहार करता येतो.

या सगळ्या गदारोळात कोणाच्या लक्षात न आलेली गोष्ट दोन मतदारांच्या लक्षात आली. बरिस तात्पुरते नेमलेले. मग कायमची जागा लोक कधी भरणार? कायदा म्हणतो, संसदेच्या खालच्या सभागृहाच्या पुढच्या निवडणुकीत, म्हणजे २ नोव्हेंबर २०१० ला. पण त्या दिवशी सहा वर्षांच्या नव्या मुदतीची निवडणूक तशीही होणार होती, म्हणून उरलेल्या आठवड्यांसाठी वेगळी निवडणूक घ्यायचं कोणाच्या मनातही नव्हतं. बरिस ३ जानेवारी २०११ पर्यंत बसतील आणि विषय संपेल, असं गृहीत धरलेलं होतं. हे दोघे गव्हर्नर क्विन यांच्याविरुद्ध केंद्रीय न्यायालयात गेले. जून २०१० मध्ये शिकागोतल्या अपील न्यायालयानं, न्यायाधीश डायान वुड यांच्या निकालपत्रात, सतराव्या दुरुस्तीचं वाक्य शब्दाशब्दानं सोडवून पाहिलं. निष्कर्ष सरळ होता: प्रत्येक रिकाम्या जागेसाठी निवडणुकीचा आदेश काढणं ही गव्हर्नरची सक्तीची जबाबदारी आहे. तात्पुरती नेमणूक केली म्हणून ती संपत नाही. उरलेला काळ थोडा आहे म्हणूनही संपत नाही.

तात्पुरता म्हणजे किती काळ, हा प्रश्न न्यायालयांनी याआधी बराच सैल सोडला होता. जून १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली तेव्हा न्यूयॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी चार्ल्स गुडेल यांना नेमलं, आणि लोकांना मत द्यायला नोव्हेंबर १९७० पर्यंत थांबावं लागलं. ते चालवून घेतलं गेलं. इलिनॉयच्या निकालानं मुदत कमी केली नाही. पण शेवटी निवडणूक झालीच पाहिजे, हे ठणकावलं. क्विन यांनी आदेश काढला. पक्षांचे उमेदवार ठरवणारी प्राथमिक फेरी घ्यायला वेळ नव्हता, म्हणून सहा वर्षांच्या निवडणुकीतलेच उमेदवार छोट्या मुदतीसाठीही असतील, असं जिल्हा न्यायालयानं ठरवलं. त्यामुळे बरिस यांचं नाव मतपत्रिकेवर येणार नव्हतं. ते वरपर्यंत गेले. दाद मिळाली नाही.

इथे महाराष्ट्राच्या वाचकाला विधान परिषदेच्या बारा राज्यपालनियुक्त जागा आठवल्याशिवाय राहणार नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळानं पाठवलेल्या नावांवर राज्यपालांनी निर्णयच घेतला नाही. १३ ऑगस्ट २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की वाजवी वेळेत निर्णय घेणं हे राज्यपालांचं घटनात्मक कर्तव्य आहे आणि आठ महिने हा पुरेसा काळ आहे. पण राज्यपाल न्यायालयाला उत्तर द्यायला बांधील नाहीत, म्हणून त्यांना आदेश देता आला नाही. जागा तशाच राहिल्या, आणि सरकार बदलल्यावर ती यादीच मागे घेतली गेली. कर्तव्य दोन्हीकडच्या न्यायालयांना सापडलं. शिकागोतल्या न्यायालयाला ते करून घेता आलं, एवढा फरक, आणि मला तो फार मोठा वाटतो.

पाच आठवड्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं तेव्हा अनेक जण म्हणाले. नेमलेल्या सिनेटरचं मत किती जड असतं ते आधी पाहू. २४ डिसेंबर २००९ ला ओबामांचं आरोग्य विमा विधेयक सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३९ मतांनी मंजूर झालं. वाद थांबवून ते मतदानाला आणायलाच साठ मतं लागत होती, एकही कमी चालणार नव्हतं. त्या साठांपैकी पाच जण सिनेटवर लोकांनी निवडून दिलेले नव्हते, गव्हर्नरांनी नेमलेले होते: इलिनॉयचे बरिस, डेलावेअरचे टेड कॉफमन, कोलोराडोचे मायकेल बेनेट, न्यूयॉर्कच्या कर्स्टन जिलिब्रँड आणि मॅसॅच्युसेट्सचे पॉल कर्क. मॅसॅच्युसेट्सनं तर २००४ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर असताना हा अधिकार काढून घेतला होता, आणि २००९ मध्ये टेड केनेडी गेल्यावर, गव्हर्नर डेमोक्रॅट असताना, परत दिला. ते विधेयक मला चांगलं वाटतं. म्हणूनच हे आकडे मला जास्त टोचतात.

२ नोव्हेंबरला रिपब्लिकन मार्क कर्क दोन्ही निवडणुका जिंकले आणि २९ नोव्हेंबर २०१० ला त्यांचा शपथविधी झाला. १८ डिसेंबरला लहानपणी अमेरिकेत आणलेल्या, कागदपत्रं नसलेल्या मुलांना वाट देणारं 'ड्रीम' विधेयक ५५ विरुद्ध ४१ असं अडलं. कर्क विरोधात होते. त्याच दिवशी समलिंगी सैनिकांना आपली ओळख लपवायला लावणारा कायदा रद्द करण्याच्या बाजूनं त्यांनी मत दिलं. चार दिवसांनी रशियाबरोबरच्या अण्वस्त्र कराराच्या विरोधात दिलं, तरी तो ७१ विरुद्ध २६ नं मंजूर झाला. या तिन्ही वेळी ओबामांच्या जुन्या जागेवरून जो बोलत होता, त्याला इलिनॉयच्या मतदारांनी नेमक्या त्याच आठवड्यांसाठी निवडून दिलेलं होतं.